दूध नाही, मग अंडं कसं चालतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. कोजागिरीला मसाला दुधाचा पेला परत केला की प्रश्न येतोच: ‘वहिनी, तुम्हाला दूध चालत नाही आणि अंडं चालतं, हे कसं?’ पाठोपाठ दुसरा: ‘मग तुमच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्या कुणाच्या? हे नाटकच नाही का?’ बडोद्यात हा प्रश्न साधा नाही. इथे अंड्याच्या लारीपुढे, म्हणजे हातगाडीपुढे, उभं राहायचं तर माणूस आधी मागे वळून बघतो, ओळखीचं कुणी नाही ना. आणि दुधाला नाही म्हणणं म्हणजे देवाच्या प्रसादाला नाही म्हणणं. मी नेमकं उलटं करून बसले आहे. आजवर ‘तब्येतीमुळे’ म्हणून वेळ मारून नेली. ते अर्धंच खरं आहे.

दूध सोडलं २०१८ साली. आणंदकडच्या एका गावात, ओळखीच्यांच्या गोठ्यात पहाटे उभी होते. रेडकू सोडलं, त्याने चार ढुशा मारल्या, म्हैस पान्हवली आणि लगेच दावं ओढून त्याला खुंट्याला बांधलं. धार काढून होईपर्यंत ते दावं ताणून, जीभ बाहेर काढून आईकडे तोंड करून उभं होतं. बरगड्या मोजता येत होत्या. ‘नर आहे, जगला तर जगला,’ घरची बाई म्हणाली. बोलण्यात दुष्टपणा नव्हता, हिशोब होता. रेडा दूध देत नाही, आणि त्याला पाजलेलं दूध डेरीवर जात नाही. म्हैस दूध ‘देते’ असं मी जन्मभर म्हणत आले होते. ती देत होती ते त्याला.

मग वाचायला लागले. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून मिथेन बाहेर पडतो आणि शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. २०१९च्या पशुगणनेत आपल्याकडे गायी-म्हशी मिळून ३० कोटींच्या वर भरल्या. मला वाटलं, झालं, दोन्ही कारणं एकाच बाजूला आली. तेव्हा मला फार सोपं वाटत होतं सगळं. ज्या बाईच्या गोठ्यात मी रडले, तिच्या मुलीच्या शाळेची फी त्याच दुधाच्या पैशातून जात होती. १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी व्यापाऱ्यांच्या मनमानीला कंटाळून आपला सहकारी दूध संघ काढला, त्यातून तिच्या हातात हा पैसा आला. तिच्या म्हशी भाताचा पेंढा आणि कडबा खातात, माणसाच्या तोंडचं धान्य नव्हे. आणि मी तिच्या दुधाऐवजी घरी काय आणलं? बदामाचं दूध. ज्याचे बदाम बहुतेक कॅलिफोर्नियातून येतात, जिथे पाण्याचीच ओढ आहे. ते मी दोन महिन्यांत बंद केलं. खरं तर आपल्या शेव-उसळीत वाटाणा आहे, तेल आहे, तर्री आहे, दुधाचा थेंब नाही. इतकं जवळचं सोडून मी कुठे कुठे शोधत होते.

पण हे सगळं माझ्या तोंडापुरतं राहिलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती. मी घरातलंच दूध बंद केलं. कुणावर जबरदस्ती केली नाही, असं मी तेव्हा म्हणायचे. रेडकाची गोष्ट मी सासूबाईंना सांगितली, त्यांचे डोळे भरून आले, त्या म्हणाल्या, ‘तू करशील ते मी खाईन गं.’ साठ वर्षं रात्री ताकभात खाल्लेली बाई. मी शेंगदाण्याचं दही लावलं, नारळाच्या दुधात चहा केला. त्यांनी एकदाही नाक मुरडलं नाही, आणि मी ते होकार समजले.

२०२१च्या पावसाळ्यापासून त्या म्हणायला लागल्या, तळपायाखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं. चालताना एका पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि त्यांना कळायचंच नाही. मी मागून ती उचलून आणायचे आणि म्हणायचे, ‘आई, लक्ष कुठे असतं तुमचं?’ बोटांना मुंग्या, तर म्हटलं वय. नावं विसरतात, तर म्हटलं वय. अंधारात भिंत धरून चालतात, त्यालाही वय. २०२२च्या फेब्रुवारीत सकाळी बेसिनपाशी तोंड धूत होत्या. डोळे मिटून पाण्याचा हबका मारला आणि तशाच्या तशा मागे कोसळल्या. मनगट मोडलं.

डॉक्टरांनी हात बघून झाल्यावर पाय बघितले. अंगठा वर-खाली हलवून विचारलं, ‘डोळे मिटा आणि सांगा, वर आहे की खाली?’ तीनदा चुकल्या. तळपायांकडून मेंदूला खबरच पोचत नव्हती. डोळे उघडे असेपर्यंत त्या बघून तोल सांभाळत होत्या. रिपोर्टमध्ये बी-ट्वेल्व्ह, नसांना लागणारं जीवनसत्त्व, ९६. दोनशेच्या वर हवं. डॉक्टरांनी विचारलं, ‘दूध, दही, ताक घेता ना?’ मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, ‘नाही, आमच्या घरी दूध चालत नाही.’ ‘आमच्या घरी’. जरासुद्धा तक्रार नव्हती त्यात. उलट माझी बाजू घेतल्यासारखं.

त्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या काकूंनी मला जिन्यात थांबवून सांगितलं की पहिल्या वर्षी आई दुपारी त्यांच्याकडे वाटीभर ताक प्यायला यायच्या. मग यायच्या बंद झाल्या. ‘सुनेशी खोटं वागल्यासारखं वाटतं,’ म्हणाल्या होत्या.

आता माझ्या बाजूने. डॉक्टरांनीच सांगितलं की दूध हे एकटं कारण नव्हे. आई बारा वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत होत्या, शिवाय रोज ॲसिडिटीची गोळी. दोन्हींमुळे हे जीवनसत्त्व अंगी कमी लागतं. लिव्हरमध्ये त्याचा साठा काही वर्षं पुरतो, म्हणजे तो आधीपासूनच रिकामा होत आला असणार. दूध चालू असतं तरी कदाचित हेच झालं असतं. हे मी स्वतःला शंभर वेळा सांगितलं आहे. पण वनस्पतीत बी-ट्वेल्व्ह नसतं हे मला २०१८ पासून माहीत होतं. माझ्यासाठी मी गोळी आणली होती, ती मी कधी घ्यायचे, कधी विसरायचे. त्यांच्यासाठी आणलीच नव्हती.

इंजेक्शनं झाली, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला. मुंग्या गेल्या, नावं आठवतात. तळपाय मात्र पुरते परत आले नाहीत. रात्री बाथरूमचा दिवा आम्ही चालू ठेवतो. दुधाची पिशवी मी आणते, मी तापवते, रात्रीचं ताक मीच घुसळते. इंजेक्शन चालू असताना आता दुधाची औषध म्हणून गरज नाही, हेही मला कळतं. त्यांना ताकभात आवडतो, एवढंच कारण आहे, आणि ते मला पुरतं.

आणि अंडं? माझाही आकडा तेव्हा कमीच निघाला. गोळी पुरेशी आहे; ती जंतूंपासून बनते, कुठलं जनावर लागत नाही. मी ती रोज घेते. तरी आठवड्याला चार अंडी खाते, बडोद्याजवळच्या पादरा गावाकडच्या एका घरून, जिथे कोंबड्या अंगणात मोकळ्या असतात. २०१८ मधली मी लगेच विचारेल, ‘आणि कोंबडे कुठे जातात?’ सुरीखाली जातात. मोठ्या हॅचरीत तर नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारतात. रेडकाला निदान ढुशा मारायला मिळाल्या. एका अंड्यात बी-ट्वेल्व्ह किती, तर दिवसाच्या गरजेच्या पाव भागाच्या आसपास. म्हणजे हिशोबानेही मी हरते. खरं सांगायचं तर मी भीतीपोटी खाते. बेसिनशी डोळे मिटले की अजून एक हात मी नळावर ठेवते. दूध मात्र घशाखाली उतरत नाही, ते रेडकू दिसतं. जे मी बघितलं ते सुटलं, जे बघितलं नाही ते खाते. याला तत्त्व म्हणा असा माझा आग्रह नाही. पण ‘नाटक’ म्हणू नका.

परवा रात्री आईंनी ताक पिताना विचारलं, ‘अगं, त्या रेडकाचं पुढे काय झालं?’ मी कधी विचारलंच नव्हतं. त्या गावाला मी परत गेले नाही, त्या बाईला फोनही केला नाही. ‘माहीत नाही,’ म्हटलं. त्यांनी वाटी संपवली, माझ्या हातात दिली आणि भिंतीला हात लावत देवघराकडे गेल्या.