लोकर शुद्ध होती, तरी प्लीट टिकेना

एडिनबर्गमधल्या ज्या दुकानात मी शिवणकाम करते, तिथे किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा, ही रोजची गोष्ट. कुणाची कंबर सैल करायची, कुणाचा चामडी पट्टा बदलायचा. मागच्या हिवाळ्यात मात्र साठीच्या एक बाई घरी शिवलेला किल्ट घेऊन आल्या आणि माझा सगळा दिवस त्यांच्या कापडात गेला.

मुलाच्या लग्नासाठी त्यांनी तो पूर्ण हाताने शिवला होता. कंबरेपासून नितंबापर्यंत प्रत्येक प्लीट, म्हणजे चुणी, बारीक टाक्यांनी बसवलेली, टार्टनच्या (घराण्याच्या ठरलेल्या रंगीत चौकड्यांच्या कापडाच्या) रेघा शेजारच्या प्लीटशी तंतोतंत जुळवलेल्या. इतकी नेटकी हातशिलाई मी क्वचितच पाहिली आहे. पण टाके संपले की खाली प्लीट अर्धवट उघडलेल्या छत्रीसारख्या फुगत होत्या. ‘‘रात्री इस्त्री करते, सकाळी पुन्हा असंच. माझं शिवण कुठे चुकलं?’’ त्यांनी विचारलं.

शिवण कुठेच चुकलं नव्हतं. कापड शाली-पांघरुणांच्या जातीचं होतं. शंभर टक्के लोकर, हाताला मऊ, रंगही सुरेख. पण अशा कापडाचं सूत नुसती पिंजलेली लोकर कातून केलेलं असतं. तंतू आखूड आणि अस्ताव्यस्त, मध्ये हवा. ऊब छान मिळते, पण घडी धरायला त्यात पक्कं काही नसतं. किल्टला लागतं ते वर्स्टेड. त्यात लांब तंतू विंचरून समांतर केलेले असतात, सूत घट्ट पिळाचं आणि ट्विलची, म्हणजे तिरक्या रेघांची, वीण दाट. दुकानदार ‘शुद्ध लोकर’ म्हणाला की गिऱ्हाईक निर्धास्त होतं, पण पुढचा प्रश्न सूत कसलं हाच असायला हवा.

नुसतं सांगून कुणाचं मन वळत नाही, म्हणून आम्ही तुकडे घेऊन बसलो. त्यांच्याच कापडाची उरलेली पट्टी, जाड सुती ड्रिल, पॉलिएस्टर-व्हिस्कोस, 11 औंसी वर्स्टेड आणि 16 औंसी वर्स्टेड. हे औंस म्हणजे एका वार कापडाचं वजन. 16 औंस म्हणजे साधारण 450 ग्रॅम. प्रत्येकाला एकसारखी घडी घातली, वर ओलसर फडकं, त्यावर जड इस्त्री दाबून धरली, घासली नाही. मग पूर्ण थंड होईपर्यंत हात लावला नाही. हे थांबणं फार महत्त्वाचं. वाफेने लोकरीच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध सुटतात आणि थंड होऊन सुकताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. कापड गरम असतानाच उचललं की सगळी मेहनत वाया.

नंतर प्रत्येक तुकडा मुठीत चुरगाळला, अंगाखाली घेऊन बसलो आणि दांडीवर टांगला. दुपारपर्यंत निकाल समोर होता. ड्रिलची घडी इस्त्रीखालून निघाली तेव्हा धारदार होती, आता सुरकुत्यांत हरवली होती. म्हणूनच सुती किल्टच्या प्लीटना कडेने मशीनची शिलाई मारावी लागते. पॉलिएस्टर-व्हिस्कोसची घडी शाबूत होती. माझी आई गावी टेरिकॉटचे शाळेचे स्कर्ट शिवायची, त्यांच्या प्लीट धुऊनही मोडत नसत. गुण तोच, उष्णतेने पॉलिएस्टर आकार धरतं. मात्र इस्त्री जास्त तापली की त्यावर चकाकी येते. 11 औंसी वर्स्टेडची घडी टिकली, पण वाऱ्याच्या झुळकेने तुकडा उडत होता. 16 औंसी तुकडा टांगल्या टांगल्या आपल्याच वजनाने सरळ झाला. बाई त्यावरून बराच वेळ बोट फिरवत राहिल्या.

अडचण पैशांची होती. पूर्ण किल्टला आठ वार लागतात आणि चांगलं वर्स्टेड स्वस्त नसतं. मी त्यांना बॉक्स प्लीट सुचवल्या, म्हणजे दोन्ही कडा आत दुमडलेल्या रुंद चुण्या. 1790च्या दशकातल्या सुरुवातीच्या शिवलेल्या किल्टना अशाच प्लीट असत आणि साधारण चारच वार कापड लागे. आजचं दुहेरी पन्ह्याचं, म्हणजे दुप्पट रुंदीचं, कापड दोनच वार घ्यायचं, लांबीच्या दिशेने मधोमध चिरायचं आणि दोन पट्ट्या जोडायच्या. किल्टला खाली दुमड नसते, कापडाचा मूळ काठच खाली येतो. या पद्धतीत दोन्ही पट्ट्यांना एकेक काठ मिळतो. एक पट्टी उलटी फिरवावी लागते, त्यामुळे टार्टनच्या रेघांचा क्रम उलटसुलट दोन्ही दिशांनी सारखाच हवा. त्यांच्या घराण्याचं टार्टन तसंच होतं. काठाला झालर नाही, घट्ट विणलेला आहे, एवढं मी कापण्याआधी तपासून घेतलं.

काहीजण अशा वेळी पॉलिएस्टर-व्हिस्कोसच घ्या म्हणतील. पावसात नाचायला, घरी धुवायला ते खरंच चांगलं, आणि पहिलाच किल्ट शिवणाऱ्याला मीही तेच देते. पण या हातांना वर्स्टेड मिळायला हवं होतं.

त्यांनी दोन वार 16 औंसी कापड नेलं. जुना किल्ट उसवून त्याचं पांघरूण करायचं त्यांनीच ठरवलं. निघताना मी एकच बजावलं: प्लीट खालपर्यंत कच्च्या टाक्यांनी बांधा, आतलं कॅनव्हास आणि अस्तर लागून शेवटची इस्त्री थंड होईपर्यंत तो दोरा काढू नका.