घुमट एकदाचा उमगला

कलेच्या इतिहासाच्या पेपरला पाच आठवडे राहिले. अजिंठा-वेरूळ झालं होतं, पण विजापूरच्या गोलघुमटावर माझी गाडी अडली होती. या पंधरवड्यात ती सुटली, म्हणून ही नोंद जरा सविस्तर.

गोलघुमटाचे आकडे तोंडपाठ होते. मोहम्मद आदिलशहाची कबर, दालन आतून साधारण १३५ फूट चौरस, घुमटाचा आतला व्यास १२४ फूट, खालचं गोल तोंड मात्र ९७ फुटांचं. पण चौकोनावर गोल बसवला कसा, हे लिहायला घेतलं की दोन ओळींत पेन थांबायचं. माझ्या गाईडमध्ये 'एकमेकींना छेदणाऱ्या कमानी' एवढंच आहे, आकृती नाही. वास्तुकलेच्या पुस्तकात आकृती नसणं मला खरंच खटकतं.

रविवारी होटगीवरून विजापूर गाठलं. मान दुखेपर्यंत वर बघत बसले, वहीत रेघा ओढल्या. घरी येईतो त्यांचा गुंता झाला होता.

संध्याकाळी आईने वहीत डोकावून पाहिलं. "अगं, हे दोन चौकटींचं फूल की! आण रांगोळी." तिने अंगणात आधी एक मोठा चौकोन काढला. त्याच्या आत एक चौकोन तिरका, टोकं मोठ्याच्या बाजूंना मधोमध टेकलेली. त्यावर तेवढाच दुसरा, सरळ. मध्ये अष्टकोन उमटला. मी त्यात पितळी ताट ठेवलं, आठही बाजूंना बरोबर टेकलं.

मोठा चौकोन म्हणजे दालन, आतल्या दोन चौकोनांच्या आठ बाजू म्हणजे आठ कमानी आणि ताट म्हणजे ते ९७ फुटांचं तोंड! घुमट या तोंडाच्या काठावर नाही, मागे सरकून उभा आहे. मधे उरलेली जागा म्हणजेच आवाज घुमतो तो सज्जा. घुमटाचा रेटा बाहेर, तर आत झुकलेल्या या बांधकामाचं वजन आतल्या बाजूला ओढतं, म्हणून भिंती फाकत नाहीत. सुटे पाठ केलेले तीन आकडे एका रांगोळीत जुळले. रात्री न बघता उत्तर लिहिलं, आकृतीसकट दीड पान.

बाकी प्रगती थोडी. सराव पेपरात अजिंठ्याला पुन्हा 'फ्रेस्को' लिहून गुण घालवले. तिथे रंग कोरड्या गिलाव्यावर दिलेत, ओल्यावर नाही. ज्यांचा हा पेपर आहे त्यांनी हे आत्ताच पक्कं करा. युरोपातल्या चित्रकलेतले वाद, म्हणजे 'इझम', फक्त एकदा वाचून झाले.

आता दख्खनी लघुचित्रं, सुरुवात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारापासून, १५८० ते १६२७. या वेळी आधी चित्र बघून स्वतः काढायचं, मगच गाईड उघडायचं. रांगोळी अजून अंगणात आहे. आईने सकाळी सडा टाकताना तेवढा कोपरा सोडला.