तुम्ही विचारलंत म्हणून: लायब्ररी देश का ओळखत नाही?

हा प्रश्न मला कुठेही गाठतो. गिटहबवर, म्हणजे आमचा कोड जिथे ठेवलाय त्या साइटवर, इश्यू (तक्रार) होऊन येतो, पुण्यातल्या मीटअपमध्ये चहाच्या रांगेत येतो, आणि रिटर्न भरायचे दिवस आले की सीए असलेल्या मेहुण्याच्या फोनवरून येतो. शब्द बदलतात, मतलब तोच: "स्प्रेडशीट वाचायची ओपन सोर्स लायब्ररी तुम्ही सांभाळता ना? मग फाइल कुठल्या देशातली आहे ते ओळखून ती तारखा आणि आकडे आपोआप नीट का वाचत नाही? एक्सेलला जमतं, तुम्हाला का जमू नये?" (लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येईल असा तयार कोड.)

एक्सेललाही जमत नाही. ते काहीच ओळखत नाही, ज्या कंप्युटरवर उघडलंय त्याची सेटिंग घेतं आणि बिनधास्त पुढे जातं. तुम्ही आणि फाइल पाठवणारा एकाच देशात असलात की हे ओळखल्यासारखं वाटतं, इतकंच.

एखाद्या एक्सेल फाइलचं नाव बदलून शेवटी झिप लावा आणि उघडा. आत एक्सएमएलच्या फायली दिसतील: एक वर्कबुकची, प्रत्येक शीटची वेगळी, एक स्टाइल्सची. शीटमध्ये तुम्ही १ एप्रिल २०२४ टाइप केलं असेल तर तिथे ना एप्रिल सापडेल, ना २०२४. सापडेल ४५३८३ हा आकडा आणि त्याच्याजवळ एका स्टाइलचा क्रमांक. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून मोजत आलं की हा आकडा येतो. त्या स्टाइलचा माग काढत गेलात तर बहुतेक वेळा फॉरमॅट क्रमांक १४ पाशी पोचाल. या फायलींचे नियम ठरवणाऱ्या प्रमाणग्रंथात १४ पुढे महिना-दिवस-वर्ष असं छापलंय, पण एक्सेल तिथे कंप्युटरची 'छोटी तारीख' दाखवतं. म्हणून तीच फाइल पुण्यात ०१-०४-२०२४ दिसते, बर्लिनमध्ये ०१.०४.२०२४ आणि न्यूयॉर्कमध्ये ४/१/२०२४. फाइलमधला एक बाइटही बदललेला नसतो. देश हा पाहणाऱ्याकडे असतो. आता लायब्ररीने सांगायचं काय? आम्ही ४५३८३ आणि '१४' एवढं देतो, आणि हवी असेल तर खरी तारीख. "पण मला स्क्रीनवर दिसतं तसं हवंय" असं कोणी म्हणालं की आमचा उलटा प्रश्न: कोणाच्या स्क्रीनवर?

जे फाइलमध्ये लिहिलंय ते मात्र आम्ही इमानदारीत पाळतो, अगदी मूर्खपणाचं असलं तरी. उदाहरणार्थ २९ फेब्रुवारी १९००. हा दिवस कधी उगवलाच नाही, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. पण लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमने ते लीप धरलं, त्याच्याशी जुळवून घ्यायला एक्सेलने धरलं, आणि आज क्रमांक ६० म्हणजे हा नसलेला दिवस. तसंच जुन्या मॅकचं. तिथली मोजणी १९०४ पासून सुरू व्हायची, त्यामुळे दोन्हींत १४६२ दिवसांचा फरक पडतो. पण कुठली मोजणी वापरली आहे ते वर्कबुकमध्ये नोंदलेलं असतं. वाचायचं, वजाबाकी करायची, विषय संपला. यात भांडण नाही. भांडण होतं ते न नोंदलेल्या गोष्टींवरून. २७ ते ३६ हे फॉरमॅट क्रमांक घ्या: जपानी, कोरियन आणि चिनीच्या दोन्ही लिप्यांसाठी त्यांचे अर्थ वेगवेगळे, आणि त्यातला कुठला धरायचा हे तो क्रमांक काही सांगत नाही.

एक्सेलच्या फाइलमध्ये निदान ४५३८३ तरी असतं. सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, तेही नसतं, नुसती अक्षरं. मेहुण्याची तक्रार नेहमी इथलीच. बँकेच्या साइटवरून उतरवलेलं स्टेटमेंट, दिवस/महिना/वर्ष अशा तारखा, आणि ऑफिसातला नवा लॅपटॉप अमेरिकन सेटिंगवरच राहिलेला. फाइल डबल-क्लिक करून उघडा आणि तारखांच्या कॉलमकडे जरा लांबून बघा. १२ तारखेपर्यंतच्या नोंदी सेलच्या उजव्या कडेला चिकटलेल्या दिसतात, १३ पासूनच्या डाव्या. उजवीकडच्या एक्सेलने तारखा म्हणून स्वीकारल्या, फक्त दिवस आणि महिना उलटे करून: ५ एप्रिलचा झाला ४ मे. डावीकडच्या त्याला पचल्या नाहीत, कारण तेरावा महिना नसतो, म्हणून त्या साधा मजकूर होऊन पडून राहिल्या. मग कोणीतरी कॉलम सॉर्ट करतं, फाइल सेव्ह करतं, आणि पुढच्या माणसाच्या हातात जे येतं त्यातून मूळ तारखा काढणं म्हणजे गुन्हे अन्वेषणाचं काम. ४ एप्रिलची नोंद तर उलटी केली तरी तीच राहते, त्यामुळे तपासायला नेमकी तीच नोंद उघडली तर सगळं ठीकठाक दिसतं. तुमच्याकडे असा कॉलम आला तर आधी डावं-उजवं बघा. एकाच कॉलममध्ये दोन्ही असतील तर हिशेबाला हात लावू नका, बँकेतून फाइल पुन्हा उतरवून घ्या.

यावर सुचवला जाणारा उपाय ठरलेला असतो. "सगळा कॉलम वाचा. कुठेही पहिला आकडा १२ च्या वर दिसला तर दिवस आधी समजा." कल्पना वाईट नाही. वर्षभराचं स्टेटमेंट असेल तर चालतेही. पण महिन्याच्या पहिल्या आठवड्याचंच स्टेटमेंट आलं तर? तेव्हा लायब्ररी काहीतरी धरून चालेल, गप्प बसेल, आणि पुढच्या महिन्यात त्याच प्रोग्रॅममध्ये त्याच बँकेची फाइल वेगळ्या अर्थाने वाचेल. जो प्रोग्रॅम रोज चुकतो तो दुरुस्त होतो. जो अधूनमधून चुकतो तो ऑडिटमध्ये सापडतो. म्हणून अशा अंदाजाच्या पुल रिक्वेस्ट (बाहेरच्यांनी सुचवलेले कोडमधले बदल) आल्या की आभार मानून बंद करतो. लोकांना वाईट वाटतं. कोड बहुतेक वेळा चांगला लिहिलेला असतो.

अंदाजाचा सगळ्यात गाजलेला बळी जीवशास्त्रातला. काही जनुकांची छोटी नावं सेप्ट-२, मार्च-१ अशी होती; एक्सेलने त्यांच्या तारखा करून टाकल्या. २०१६ मध्ये एका पाहणीत दिसलं की एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात ही गडबड होती. २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. आपोआप होणारं असं रूपांतर बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली २०२३ साली. क्रम बघा.

आकड्यांकडे वळू. १.२३४ म्हणजे किती? आपल्याकडे सव्वाच्याही आत. जर्मनीत एक हजार दोनशे चौतीस, कारण तिथे हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम. स्वित्झर्लंडमध्ये हजाराच्या जागी वरचा स्वल्पविराम दिसतो. फ्रेंच लोक तिथे मोकळी जागा सोडतात, पण ती स्पेसबारची जागा नव्हे: अरुंद, न तुटणारी, वेगळ्या कोडची जागा. डोळ्यांना फरक कळत नाही, प्रोग्रॅमला कळतो. २०२२ मध्ये देशोदेशींच्या लिखाणाच्या पद्धती नोंदणाऱ्या युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहात अमेरिकन वेळेतल्या एएम-पीएमच्या आधीही हीच अरुंद जागा आली, आणि पुढच्या वर्षी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या २० व्या आवृत्तीतून ती सगळीकडे पसरली. '३:३० पीएम' आणि '३:३० पीएम' सारखे नाहीत असं प्रोग्रॅम तपासणाऱ्या टेस्ट ओरडून सांगत होत्या आणि माणसं स्क्रीनला नाक लावून बघत होती. लोकेल, म्हणजे देश-भाषेनुसार लिहायच्या पद्धती, हा एकदा शिकून झाला असा विषय नाही. दरवर्षी नवी आवृत्ती येते आणि कुठल्यातरी देशाचा स्वल्पविराम सरकतो.

आपल्या मराठीचा या संग्रहातला थाट वेगळाच. हिंदीसाठी त्यात इंग्रजी अंक धरले आहेत, मराठीसाठी देवनागरी. वेबपेजमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेला सांगा की आकडा भारतीय हिंदीत दाखव, तर अंक इंग्रजी येतात. भारतीय मराठीत सांगा, की १,२३,४५६. मला हे मनापासून आवडतं. पंचांगापासून वर्तमानपत्राच्या पान क्रमांकापर्यंत आपण असंच छापतो. पण एखाद्या पतसंस्थेच्या मराठी वेबपेजवरचा तक्ता जसाच्या तसा सीएसव्हीत उतरवला की पुढे वाट लागते. जावास्क्रिप्टला दाखवता येतं ते त्यालाच परत वाचता येत नाही. देवनागरी '१२३' दिलं की उत्तर येतं 'हा आकडा नाही'. पायथॉन या दुसऱ्या भाषेला विचारा, तो निमूट १२३ वाचतो. हा लेख जावास्क्रिप्टच्या हाती दिलात तर त्याच्या मते यात एकही आकडा नाही.

लाख-कोटींचं दुखणं याहून जुनं. विंडोजमध्ये भारत निवडला असेल तर एक्सेलचा साधा स्वल्पविरामी फॉरमॅट १२,३४,५६७ दाखवतो. तीच फाइल अमेरिकेत १,२३४,५६७. ते सहन न होऊन आपल्याकडे एक युक्ती रूढ झाली आहे: फॉरमॅटमध्येच अटी घालायच्या. कोटी किंवा जास्त असेल तर स्वल्पविराम असे, लाख किंवा जास्त असेल तर तसे, नाहीतर नेहमीचे. ऑफिसाऑफिसांत ही ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. अडचण अशी की एका फॉरमॅटमध्ये दोनच अटी घालता येतात, आणि ऋण आकडा त्या दोन्हींत बसत नाही, तो 'नाहीतर'मध्ये पडतो. म्हणजे ताळेबंदात नफा १२,३४,५६७ आणि तोटा -१,२३४,५६७. नफा भारतीय, तोटा अमेरिकन! हे आमच्या माथी बग म्हणून येतं, दर काही महिन्यांनी. आम्ही फॉरमॅट जसा आहे तसाच फाइलमध्ये लिहितो. त्याउपर काही करायला जागाच नाही. (थाई बातमधली रक्कम अक्षरी लिहून देणारं फंक्शन एक्सेलमध्ये आहे. अक्षरी रुपयांसाठी नाही. हेही मला विचारतात. त्यात माझा काय दोष?)

फॉर्म्युल्यांच्या बाबतीत मात्र फाइल शहाणी आहे. जर्मन एक्सेलमध्ये व्हीलुकअपला (तक्त्यातून मूल्य शोधून देणाऱ्या फंक्शनला) एसफेरवाइस म्हणतात आणि दोन पदांमध्ये अर्धविराम टाकतात, पण फाइलमध्ये साठवताना सगळं इंग्रजी नावाने आणि स्वल्पविरामानेच साठवलं जातं. म्हणून तो फॉर्म्युला जगात कुठेही चालतो. गंमत होते ती कोणी स्क्रीनवरचा जर्मन फॉर्म्युला उचलून आमच्या लायब्ररीकडून जसाच्या तसा लिहून घेतो तेव्हा. नाव परकं असेल तर सेलमध्ये नाव न ओळखल्याची एरर येते. अर्धविराम असेल तर एक्सेल म्हणतं, फाइल बिघडलीय, दुरुस्त करू का? मग आम्हाला इश्यू येतो की तुमची लायब्ररी फायली बिघडवते.

तुर्की भाषेबद्दल फक्त एवढंच सांगतो की तिच्यात टिंबवाला आय आणि बिनटिंबाचा आय ही दोन वेगळी अक्षरं आहेत. कॉलमची नावं लहान लिपीत करून जुळवणारा कोड तुर्की सेटिंगच्या मशीनवर चालवून बघा, 'आयडी' नावाचा कॉलम सापडणार नाही. आमच्या टेस्टमध्ये तुर्की कायमचा पाहुणा आहे.

"बरं, फाइलमध्ये देश नसेल, पण मशीनवर तर असतो ना? तो घ्या." हा शेवटचा युक्तिवाद, आणि ऐकायला सगळ्यात बिनतोड. लायब्ररी एखाद्याच्या लॅपटॉपवर चालत असती तर मी मानलाही असता. पण ती चालते सर्व्हरवर, कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमसाठी बांधलेल्या बंदिस्त डब्यात. फाइल म्युनिकच्या पुरवठादाराची, वाचणारा चाकणचा खरेदी विभाग, सर्व्हर सिंगापूरला, आणि कंटेनरची भाषा कोणी ठरवलेलीच नाही. त्या मशीनचा देश म्हणजे या व्यवहारात नसलेल्या चौथ्याच माणसाचा देश. शिवाय प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर सगळं बरोबर येणार आणि सर्व्हरवर चढवल्यावर बिघडणार. हा बग शोधायला सगळ्यात किचकट, कारण तो दाखव म्हटलं की दिसत नाही.

म्हणून आमचं धोरण तुसडं वाटेल असं आहे. सीएसव्हीमधली तारीख आम्ही मजकूर म्हणूनच देतो. तिची तारीख करून हवी असेल तर क्रम तुम्ही सांगायचा. आकड्याचा दशांश कुठला आणि अंक कुठले, तेही तुम्ही सांगायचं. दोन अर्थ निघत असतील आणि काहीच सांगितलं नसेल तर एरर येते, नुसती वॉर्निंग नाही, कारण वॉर्निंग कोणी वाचत नाही. यामुळे पहिल्या पाच मिनिटांत लायब्ररी सोडून जाणारे आहेत, मला माहीत आहे. त्यांना अंदाज करणारी दुसरी लायब्ररी सहज मिळते.

राहिलेत आणि काही अडलं, तर इश्यू जरूर टाका. तीन गोष्टी द्या: फाइल कुठे तयार झाली, ती वाचणारा प्रोग्रॅम कुठे चालतो, आणि तुमच्या मते त्या सेलमध्ये काय असायला हवं. सोबत मूळ फाइल जोडा, खाते क्रमांक आणि नावं बदलून. पण ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलेली नको, साध्या एडिटरमध्ये बदला. आणि सेलचा स्क्रीनशॉट नको. त्यात तुमच्या स्क्रीनवर काय दिसतं तेवढंच कळतं.