तिसऱ्या सेटआधी आलेली रॅकेट

व्यावसायिक महिला टेनिसच्या सर्वांत खालच्या पायरीवरील स्पर्धेला ‘डब्ल्यू १५’ म्हणतात, कारण तिची एकूण बक्षीस रक्कम १५ हजार डॉलर असते. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण तो एकेरीच्या ३२ खेळाडूंत आणि दुहेरीच्या जोड्यांत वाटला जातो. पहिल्या फेरीत हरणाऱ्या मुलीला त्यातले दीडशे डॉलरच्या आसपास मिळतात आणि विजेतीचीही रक्कम अडीच हजारांच्या आतच राहते. तीही कर कापून हातात येते. प्रवास, हॉटेल, जेवण आणि रॅकेटचे गटिंग, म्हणजे रॅकेटमध्ये नवी तार ताणून विणणे, हा खर्च बहुतेक ठिकाणी खेळाडूचा स्वतःचा असतो. पुणे, सोलापूर, नवी मुंबई अशा शहरांत महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरतात, आणि त्या पातळीच्या स्पर्धांमध्ये कोर्टाशेजारच्या खोलीत मशीन मांडून गटिंग करणे हा माझा व्यवसाय आहे.

मशीनवर आलेल्या रॅकेटवरून खेळाडूची परिस्थिती बरीचशी कळते. आजकाल जवळजवळ सगळ्या मुली पॉलिएस्टरच्या तारेने खेळतात. ही तार चेंडूला उत्तम फिरकी देते, पण तिचा ताण पहिल्या दिवसापासूनच उतरू लागतो, आणि काही तासांच्या खेळानंतर ती न तुटताही निर्जीव होते. निर्जीव तारेवर चेंडूला वेग देण्यासाठी हात अधिक जोराने फिरवावा लागतो आणि त्याचा भार कोपरावर व खांद्यावर येतो. म्हणूनच वरच्या क्रमांकाच्या खेळाडू प्रत्येक सामन्याला ताज्या रॅकेट्स घेऊन उतरतात, तर सातशे-आठशे क्रमांकाच्या मुली तार तुटेपर्यंत तीच वापरतात. उभ्या-आडव्या तारा जिथे एकमेकींना छेदतात तिथे पडलेल्या खाचा पाहिल्या की त्या रॅकेटवर किती सामने झाले आहेत, याचा अंदाज येतो.

ज्या दिवसाबद्दल लिहितो आहे तो अशाच एका स्पर्धेतील उपांत्यपूर्व फेरीचा शुक्रवार होता. खेळाडूचे नाव आणि गाव सांगत नाही. वय सव्वीस, क्रमवारी सातशेच्या पुढे, आणि सोबतीला प्रशिक्षक नव्हे तर आई. सकाळी आई एकच रॅकेट आणि रिळातून मोजून कापलेली तार घेऊन माझ्याकडे आली. “भाऊ, एवढी एकच करा, एकावन्न पौंड ताणावर. बाकीच्या दोन चालतील अजून.” त्या बाकीच्या दोन मी आदल्या दिवशी पाहिल्या होत्या. मधल्या तारांवरच्या खाचा इतक्या खोल होत्या की त्या एखाद्या सेटपेक्षा जास्त टिकतील असे मला वाटत नव्हते, आणि मी तसे स्पष्ट सांगितले. त्या म्हणाल्या, “माहीत आहे हो. पण हे रीळ ट्युनिसियापर्यंत पुरवायचंय.”

यामागचे गणित सरळ आहे. दोनशे मीटरच्या रिळात एका रॅकेटला बारा मीटर या हिशेबाने सोळा रॅकेट्स होतात, आणि त्यांच्या रिळात अर्ध्याहूनही कमी तार उरली होती. ट्युनिसियातील मोनास्तिर, इजिप्तमधील शर्म अल शेख, तुर्कस्तानातील अंताल्या या ठिकाणी अशा स्पर्धा आठवड्यामागून आठवडे सलग भरतात. एकदा विमानाचे तिकीट काढले की तीन-चार स्पर्धा एकाच जागी राहून खेळता येतात, म्हणून कमी पैशांत क्रमवारीचे गुण मिळवू पाहणाऱ्या जगभरातील मुली तिथे जातात. या मायलेकींनीही तिकिटे काढून ठेवली होती.

प्रतिस्पर्धी सतरा वर्षांची परदेशी मुलगी होती. तिच्या पिशवीत सहा रॅकेट्स प्लास्टिकच्या आवरणात बंद होत्या, आणि त्यातल्या चार मी त्याच सकाळी केल्या होत्या. आमच्या खेळाडूने सुरुवात जाणूनबुजून जुन्या रॅकेटने केली आणि ताजी पिशवीत राखून ठेवली. पहिल्या सेटमध्ये ३-४ वर एक तार गेली, तिने दुसरी जुनी काढली, सेट ४-६ असा गेला. दुसऱ्या सेटमध्ये तिने खेळ बदलला. जोरात मारणाऱ्या त्या पोरीला ती उंच, खोल आणि पुन्हा पुन्हा बॅकहँडलाच चेंडू देत राहिली, रॅली लांबवत राहिली, आणि ७-५ ने सेट काढला. क्रमवारीत सातशेवर असणे म्हणजे टेनिस न येणे, असा ज्यांचा समज आहे त्यांनी तो सेट पाहायला हवा होता. सेटच्या शेवटच्या गेममध्ये दुसरी तारही तुटली.

आता तिच्याजवळ खेळण्याजोगी एकच रॅकेट उरली. टेनिसच्या नियमांनुसार कपडे, बूट किंवा आवश्यक साहित्य खराब झाले तर ते नीट करण्यासाठी थोडा जादा वेळ देता येतो, पण रॅकेट त्यातून स्पष्टपणे वगळली आहे. ती एकमेव रॅकेट गेली असती तर सामनाच अडला असता. चेंडू उचलणारा मुलगा तुटलेली रॅकेट घेऊन माझ्याकडे धावत आला, आणि त्याच्या मागोमाग रीळ घेऊन आई.

मी तुटलेल्या तारा मधून बाहेरच्या दिशेने कापत गेलो, कारण घाईत एका बाजूने कापल्या तर फ्रेमवर असमान ताण येतो. वरच्या बाजूची, तार ज्यातून जाते ती प्लास्टिकची नळी झिजून फाटली होती. नवी तार तिथे फ्रेमच्या कडेवर घासून लगेच तुटली असती, म्हणून त्या भोकात नळीचा वेगळा तुकडा बसवला. मशीनवर ताण लावायला हात गेला तेव्हा आई म्हणाल्या, “एकावन्न नको, अठ्ठेचाळीस करा. मागच्या दोन गेममध्ये ती सर्व्हिसला कोपर खाली टाकतेय.” मी खिडकीतून पाहिले. खरोखरच तिचा हात पूर्ण वर जात नव्हता. टेनिस कधी न खेळलेल्या त्या बाईंना मुलीच्या कोपराची जी पारख होती, ती पाहून मी थक्क झालो. ताण कमी केला की तारांचा पृष्ठभाग सैलसर राहतो, चेंडूला वेग आपोआप मिळतो आणि हातावरचा ताण हलका होतो. त्या वेळी तिला नेमके तेच हवे होते.

ज्या कामाला एरवी मी अर्ध्या तासाहून जास्त घेतो ते निम्म्या वेळात उरकले. तिसऱ्या सेटमध्ये २-२ झाले होते. पुढच्या बाजूबदलाला तिने हातातली ताजी रॅकेट ठेवून ही घेतली, आणि सामना ६-४ ने जिंकला.

संध्याकाळी ती स्वतः पैसे द्यायला आली. उपांत्य फेरी गाठल्याचे सहा गुण नक्की झाले होते, म्हणून मी अभिनंदन केले. तेव्हा तिने हिशेब सांगितला. क्रमवारी ५२ आठवड्यांच्या कामगिरीवर मोजली जाते, आणि गेल्या वर्षी याच सुमारास दुसऱ्या एका स्पर्धेत तिने उपांत्य फेरीच गाठली होती. “ते सहा जातील, हे सहा येतील. काका, मी आहे तिथेच राहीन. आज हरले असते तर मात्र पन्नास-साठ नंबर खाली गेले असते.” हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही.

ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीत थेट प्रवेश मिळायला क्रमवारी साधारण सव्वादोनशेच्या आसपास लागते. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पात्रतेच्या पहिल्याच सामन्यात हरणारीलाही ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, म्हणजे मी काम करत होतो त्या स्पर्धेच्या संपूर्ण बक्षिसापेक्षा जास्त. पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे घडलेली अंकिता रैना २०२० मध्ये १६० व्या क्रमांकापर्यंत गेली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकणारी ऋतुजा भोसले हीसुद्धा याच छोट्या स्पर्धांतून वर आली. माझ्या मशीनवरून जितके दिसते त्यावरून माझे ठाम मत असे की दोनशे आणि सातशे यांच्यातले अंतर जितके फटक्यांचे असते तितकेच, किंबहुना अधिक, किती आठवडे खर्च पेलत खेळता येते याचे असते. आयोजकांनी मुख्य ड्रॉमधील प्रत्येक मुलीला निदान सामन्यागणिक एका रॅकेटचे गटिंग मोफत द्यावे, हे मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत मांडतो. बक्षीस रक्कम वाढवण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त आहे आणि त्याने हात वाचतात.

दुसऱ्या दिवशी ती सरळ दोन सेटमध्ये हरली. पुढच्या आठवड्यात मोनास्तिरहून तिचा निरोप आला: तिथे रिळातली तार पुरणार नव्हती, म्हणून आडव्या तारा मऊ प्रकारच्या घातल्या तर ताण किती ठेवावा? मी कळवले की उभ्या पॉलिएस्टरला अठ्ठेचाळीस, आडव्या मऊ तारेला पन्नास, आणि सगळ्या रॅकेट्सना अगदी सारखेच, म्हणजे सामन्यात बदलावी लागली तरी हाताला फरक जाणवणार नाही.