उजनी मायनसमध्ये गेली की: भिगवणच्या उन्हाळी पाणथळीत दोन दिवस

'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी आली की सोलापूरकराच्या पोटात गोळा येतो. मी मात्र पक्ष्यांचे फोटो काढायला कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावते, आणि त्याची मला थोडी लाजही वाटते. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. क्षमता साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृत, म्हणजे एरवी वापरात न धरलेला. पातळी त्याच्याही खाली उतरली की टक्केवारीला वजा चिन्ह लागतं. इकडे भिगवण, डिकसळ, कुंभारगावच्या काठाला तेव्हा पाणी मागे सरकतं, गाळ उघडा पडतो, घोट्याएवढ्या पाण्याची लांबच लांब थाळी तयार होते आणि मधूनच मातीची बेटं वर येतात. पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं देऊळही अशाच वर्षी पाण्याबाहेर येतं.

हिवाळ्यातली गर्दी एप्रिलअखेर पांगलेली असते. पट्टकदंब, चक्रवाक हे पाहुणे पक्षी गेलेले, त्यांच्यामागे येणाऱ्या मोटारीही गेलेल्या. उरतात ते रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, आणि इथंच अंडी घालणारी मंडळी: नदी सुरय, छोटी आर्ली, शेकाट्या, टिटवी. मला यंदा सुरयच हवा होता. काळी टोपी, पिवळी चोच, लाल पाय आणि दुभंगलेली लांब शेपटी. विणीच्या दिवसांत तो जितका देखणा दिसतो तितका एरवी दिसत नाही.

माझा भाचा गाडी चालवायला आला होता. त्याला पक्ष्यांत रस नाही, चिलापीत, म्हणजे इथल्या माशात आहे. पुण्याहून भिगवण शंभर किलोमीटरच्या थोडं पुढे, सोलापूर हायवेने सरळ. रात्रीच पोचा आणि कुंभारगावात कुणाच्या घरी मुक्काम करा. पहाटे पुण्याहून निघून 'वेळेत' पोचणारे लोक आठ वाजता बोटीत बसतात, आणि उन्हाळ्यात आठ म्हणजे खेळ संपत आलेला असतो.

आम्ही पावणेसहाला बोटीत होतो. नावाडी साठीच्या आसपासचे, जाळ्यावर आयुष्य काढलेले. भाचा त्यांना काका म्हणत होता आणि ते मला ताई. निघण्याआधीच मी त्यांना सांगितलं, "काका, आपल्याला फ्लेमिंगो उडवायचे नाहीत." त्यांनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलं. लोक वरचे पैसे देत्यात उडवायला." हे वाक्य तुम्हीही निघण्याआधीच म्हणा. बोट पाण्यात गेल्यावर म्हटलं तर उशीर झालेला असतो.

पहिला पाऊण तास केवळ सुख. सूर्य सव्वासहाच्या आत वर आला, पाणी शेवाळी-गुलाबी, आणि त्यात दोनेकशे रोहित डोकी खाली घालून चरत होते. काकांनी इंजिन लांबच बंद केलं आणि बांबूने रेटत नेलं. रोहित कधी अस्वस्थ होतात ते कळायला सोपं आहे. चरताना सगळी डोकी पाण्यात असतात. चार माना वर झाल्या तर थांबायचं. सगळ्या माना वर होऊन थवा एकाच दिशेने चालायला लागला, तर तुम्ही आधीच जास्त जवळ गेलेला असता. मागे सरका. एवढ्या मोठ्या पक्ष्याला पाण्यावर धावत धावत उड्डाण घ्यावं लागतं, सकाळच्या चाऱ्यातली शक्ती त्यात जाते. थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या बोटीने टाळ्या वाजवून एक थवा उठवला. पंखांचा लाल-काळा रंग अप्रतिम दिसला, खोटं कशाला बोलू. माझं बोटही शटरवर गेलं होतं.

सेटिंगबद्दल थोडक्यात. बोटीत ट्रायपॉड निरुपयोगी. कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ भरा, काठावर ठेवा, त्यावर लेन्स टेकवा, आणि परतताना तांदूळ मुक्कामाच्या घरी द्या. स्थिर पक्ष्यालाही १/१६०० सेकंदापेक्षा हळू शटर नको, कारण बोट हलते. सुरयाला १/२५०० किंवा वर. रोहित आणि शेकाट्याचा पांढरा रंग पटकन जळतो, म्हणजे फोटोत नुसता कोरा डाग उरतो, म्हणून एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप खाली ठेवा. बाकी तुमचं तुम्हाला माहीत.

आता मुख्य दुखणं. साडेआठच्या सुमारास बेटाजवळ पोचलो आणि माझे फोटो बिघडायला लागले. फोकसची खूण डोळ्यावर, शटर भरपूर, तरी कडा दुहेरी, पिसं वितळल्यासारखी. पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या लेन्सवाल्याला पहिली शंका लेन्सवरच येते. मीही मागच्या वर्षी लेन्स दुरुस्तीला टाकून आले होते, आणि तिला काहीच झालेलं नव्हतं. दोष हवेचा असतो. तापलेल्या गाळावरून गरम हवा वर उठते, थंड हवेत मिसळते, आणि प्रकाश तिच्यातून वाकडातिकडा येतो. डांबरी रस्त्यावर दिसणारं मृगजळ लांब लेन्समधून दसपटीने दिसतं. ओळखायची युक्ती सोपी आहे: दहा मीटरवरच्या शेकाट्याचा फोटो काढा. तो लख्ख आला आणि ऐंशी मीटरवरचा रोहित पाणी-पाणी झाला, तर लेन्स शाबूत आहे.

याला उपाय फार नाहीत. अॅपर्चर बदलून काही होत नाही. जास्त मोठी लेन्स घेतली तर फक्त थरथर मोठी दिसते. त्यातल्या त्यात, तुमच्या आणि पक्ष्याच्या मध्ये कोरडा गाळ येऊ देऊ नका, पाणी येऊ द्या. पाणी गाळाइतकं पटकन तापत नाही. सलग वीस फोटो मारले तर एखाददुसरा नीट निघतो. आणि नऊनंतर सरळ चहाला जा. संध्याकाळी आणखी एक गंमत झाली. काठच्या रस्त्यावर एसी लावलेल्या गाडीच्या खिडकीतून मी टिटवीचे चाळीस फोटो काढले, सगळे मऊ. गाडीतली गार हवा आणि बाहेरची आग खिडकीतच एकमेकींत मिसळत होती. एसी बंद करा, दोन्ही काचा खाली घ्या, लेन्स पिशवीतून काढून पंधरा मिनिटं तशीच बाहेर ठेवा, मग सुरू करा. भाच्याने तेवढ्या वेळात घामाघूम होऊन मला दोनदा 'मावशी, पुरे' म्हटलं.

चूक मी दुसऱ्या दिवशी केली. बोटीतून काढलेले फोटो वरून खाली बघून काढल्यासारखे दिसतात. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर कॅमेरा हवा, ही आपल्या सगळ्यांची खोड. एका बेटाच्या टोकाला शेकाट्या उभा होता. काका 'नगा उतरू' म्हणेपर्यंत मी एक पाय खाली टाकला होता. तो गुडघ्यापर्यंत गेला. उजनीचा गाळ वरून वाळून भेगाळलेला असला तरी आत लोण्यासारखा असतो. पाय निघाला, चप्पल निघाली नाही. तोवर बेटावरचे सगळे सुरय उठले होते. डोक्यावर किंकाळत घिरट्या, एकाने केसांना पंख घासला. मी हसतच होते, पण काका हसले नाहीत. "ताई, चला लवकर. खाली अंडी तापत्यात."

उन्हाळ्यात घरट्यावर बसणं म्हणजे ऊब देणं नाही, सावली देणं. सुरयाचं घरटं म्हणजे उघड्या मातीतली नुसती खळगी, अंडी मातीच्याच रंगाची ठिपकेदार. आईबाप दहा-पंधरा मिनिटं उठले तरी त्या जमिनीवर आतला जीव भाजू शकतो. वरून घारी आणि कावळे वाट बघत असतातच. आर्लीचं तर अंडं पायाखाली येईपर्यंत दिसतही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यातच पक्ष्यांची अंडी आणि घरटी बिचकवणं धरलेलं आहे. म्हणजे मी त्या सकाळी एका पायाने शिकारी झाले होते.

काकांनी बोट चांगली शंभरेक मीटर लांब घेतली आणि आम्ही गप्प बसलो. चार-पाच मिनिटांत सुरय एकेक करून उतरले. मग एक पक्षी पाण्यावर आला. मासा पकडायला नाही. सूर न मारता त्याने पोट पाण्याला टेकवलं, तसाच घासत गेला, दोनदा, तीनदा, आणि निथळत्या पोटाने सरळ अंड्यांवर जाऊन बसला. ओली पिसं लावून अंडी गार करत होता. ही गोष्ट मी वाचलेली होती, पाहिली पहिल्यांदाच. माझे साठ फोटो झाले. एकही धारदार नाही, हवा तोवर उकळत होती. दोन दिवसांच्या अकराशेपैकी मी नऊ फोटो ठेवले, त्यातला एक हा धूसरच आहे. कौटुंबिक ग्रुपवर वाहवा मिळाली ती भाच्याने मोबाइलवर काढलेल्या सूर्योदयाला.

पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीचा कोन हवाच असेल तर काठावरून घ्या, जिथे घरटी नाहीत अशा जागी, पोटावर झोपून. जागा नावाड्याला विचारा, त्याला प्रत्येक बेटावर कोण बसलंय ते ठाऊक असतं. घरट्याचं अचूक ठिकाण कुठे टाकू नका.

बोटीचा दर हंगामाप्रमाणे बदलतो, आदल्या दिवशी फोनवर ठरवा. पाणी किती उतरलंय तेही तेव्हाच विचारा, कारण फार उतरलं की बोटीपर्यंत गाळातून बरंच चालावं लागतं. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, मळकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा सदरा. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घाला, फोटोला अडचण झाली तरी. दुपारनंतर वळवाचं वारं सुटतं तेव्हा हे उथळ दिसणारं पाणी ओळख विसरतं. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या दरम्यान वादळात बोट उलटून सहा माणसं गेली. आभाळ पश्चिमेला काळवंडलं की कुठलाही फोटो सोडा आणि काठाला या.

जेवायला चिलापी फ्राय, ज्वारीची भाकरी, कांदा आणि झणझणीत रस्सा, आधी सांगून ठेवावं लागतं. भाच्याचं म्हणणं, एवढ्यासाठी तो पुन्हा गाडी चालवायला तयार आहे. मी मात्र त्या दिवशी एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात काकांच्या सुनेने दिलेली रबरी स्लीपर घालून पुण्याला आले. माझी चप्पल अजून त्या बेटाच्या टोकाला असेल. पावसाळ्यात पाणी चढलं की एखादी चिलापी त्यात राहायला येईल.