आडनावाचा रकाना

त्या दिवशी आमच्या नोंदणी फॉर्मचं युजर टेस्टिंग होतं. फॉर्म मीच बांधलेला, 14 रकाने, टेस्टिंग टीमने पास केलेला, पुढच्या आठवड्यात लाइव्ह जाणार म्हणून सगळे निवांत. शेवटच्या सेशनला ज्या टेस्टर आल्या त्यांना अजिबात दिसत नाही, त्या एनव्हीडीए वापरतात, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर, 2006 पासून आहे आणि ते सुरू करणारा प्रोग्रॅमर स्वतः अंध आहे. आवाजाचा स्पीड एवढा की मला एक शब्द कळेना, मग माझ्यासाठी त्यांनी कमी केला.

पुढच्या रकान्यात जायला टॅब दाबला. सॉफ्टवेअर म्हणालं, "एडिट, ब्लँक," म्हणजे नुसता रिकामा रकाना, कशाचा ते नाही. परत टॅब. "एडिट, ब्लँक."

अरे, प्रत्येक रकान्याच्या वर ठळक अक्षरात नाव लिहिलंय की! पण ते नुसतं वर ठेवलेलं टेक्स्ट, कोडमध्ये लेबल म्हणून रकान्याला जोडलेलंच नाही, आपल्याला जवळ दिसतं म्हणून आपण मनात जोडून घेतो, सॉफ्टवेअर कसं जोडणार? त्या काही बोलल्या नाहीत. रकान्यातून बाहेर यायच्या, बाणाच्या कीने एक ओळ वर जायच्या, नाव ऐकायच्या, परत खाली येऊन टाइप करायच्या. प्रत्येक रकान्याला हेच. मी विचारलं, नेहमी असंच करावं लागतं का तुम्हाला? "बऱ्याच ठिकाणी. सवय झालीय."

मग सबमिट. शांतता. परत एंटर, परत शांतता. "गेला का हो फॉर्म?"

गेला नव्हता. आडनावाच्या रकान्याला लाल बॉर्डर आली होती, बस, तेवढंच. चूक नुसत्या रंगाने दाखवू नका हे वेब ॲक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या, गाइडलाइन्समध्ये अगदी 1999 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि मी ते वाचलेलं होतं. वाचलेलं असूनही केलं नव्हतं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

मी म्हटलं, आडनाव राहिलंय. तर त्या म्हणाल्या, "मला आडनाव नाहीये. सगळ्या कागदांवर एकच नाव आहे."

मी म्हटलं टिंब टाका. टिंब घेईना, कारण फक्त अक्षरंच चालतील ही अटसुद्धा माझीच. शेवटी त्यांनी स्वतःचंच नाव दुसऱ्यांदा टाइप केलं आणि फॉर्म गेला. "आता कागद तपासताना नाव जुळत नाही म्हणतील, मग फोन करत बसायचं," एवढंच बोलल्या, आवाज न चढवता.

लेबलं जोडायला अर्धा तास लागला. चूक काय ते सांगणारा मेसेज शब्दांत लिहिला, तो लगेच वाचला जाईल असा लावला, तेही झालं. भांडण झालं ते नावावरून. टीम लीड म्हणाले डेटाबेसमध्ये दोन कॉलम आहेत, सगळे रिपोर्ट त्यावर चालतात, आणि असे लोक असून असून किती असणार? मी म्हटलं इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो, त्यांचंसुद्धा एकच नाव, तेही आपल्या फॉर्ममध्ये अडकले असते. त्यांना ते पटलं नाही, "आपल्याकडे आजवर एक तरी तक्रार आलीय का?" असं विचारलं. तक्रार खरंच नव्हती. पण तक्रारीच्या फॉर्मलाही आडनाव कंपल्सरी होतं.

मग मी जुन्या सिस्टीमच्या डेटावर एक साधी क्वेरी चालवली, नाव आणि आडनाव सेम असलेल्या नोंदी काढ. नंतर आडनावात 'एनए', 'नाही', 'एक्स', 'नो सरनेम' असलेल्या. लीडना खुर्ची ओढून शेजारी बसायला सांगितलं आणि मी नुसतं स्क्रोल करत राहिले. बराच वेळ खाली खाली जात होतो, दोघंही काही बोललो नाही. मग त्यांनीच विचारलं, "एकच रकाना केला तर रिपोर्टचं काय काय बदलावं लागेल?"