बर्लिन ते कासेल, नऊ युरोंत

२०२२ च्या उन्हाळ्यात जर्मन सरकारने एक गंमत केली होती. महिन्याला नऊ युरो भरा आणि देशभरातल्या लोकल, ट्राम, बस, पॅसेंजर गाड्या वाट्टेल तितक्या वापरा. जून, जुलै, ऑगस्ट. नेमक्या त्याच उन्हाळ्यात बर्लिनला बिएनाले आणि कासेलला डॉक्युमेंटा अशी दोन मोठी कलाप्रदर्शनं एकदम भरली होती. भाची बर्लिनला शिकते. "मावशी, यायचं तर आत्ता ये, परत इतकं स्वस्त पडणार नाही," म्हणाली. ऑगस्ट निम्मा सरला तेव्हा मी तिच्याकडे पोचले.

बर्लिनची ही बारावी बिएनाले. क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची आखणी करणारा, कादेर अत्तिया, अल्जीरियन आईबापांच्या पोटी फ्रान्समध्ये जन्मलेला कलावंत. वसाहतींनी केलेल्या जखमा आणि त्यांची डागडुजी हा त्याचा कायमचाच विषय. सगळं एका छताखाली नव्हतं, शहरभर सहा ठिकाणी पसरलं होतं. त्यातलं एक विल्हेल्मश्ट्रासेवर, जिथे १८८४-८५ साली युरोपच्या सत्तांनी बसून आफ्रिकेच्या वाटण्या केल्या त्या जागी. दुसरं स्टासीच्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या जुन्या मुख्यालयात. जागाच अशा निवडल्या होत्या, की भिंतीवर काही टांगलं नसतं तरी चाललं असतं.

मला मात्र आधी आपली माणसं बघायची होती. प्रभाकर कांबळे, मयूरी चारी आणि बिरेंदर यादव ह्यांची कामं तिथे होती. पहिले दोघे महाराष्ट्र-गोव्याकडचे, तिसऱ्याचे वडील धनबादच्या कोळसा खाणीत लोहारकाम करणारे.

कांबळेंच्या कामाचं नाव 'उतरंड'. मडक्यांवर मडकी, आणि हा सगळा डोलारा पेलणारी पावलं. नुसतीच पावलं, वर माणूस नाही. जात म्हणजे काय हे युरोपातल्या प्रेक्षकाला समजावून सांगायला शेजारी मजकूर होता. आपल्याला तो वाचायची गरज पडत नाही. पायापासून कोण जन्मला हे आपल्याकडे सूक्तात लिहून ठेवलंय, आणि सगळ्यात खालचं मडकं काढायला गेलं की वरची मंडळी का ओरडतात हेही आपण रोज बघतो. माझ्या शेजारचं एक वयस्कर जोडपं खाली वाकून पावलं निरखत होतं. वरच्या मडक्यांकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. मला ते बरं वाटलं.

मयूरी चारीचं काम शेणाचं. लांबून भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या वाटतात, जवळ गेलं की त्यांत योनीचे आकार दिसायला लागतात. कामाच्या नावाचा अर्थ 'मी सुखासाठी घडवलेली नाही'. मी बराच वेळ तिथून हलले नाही. आमच्या आजोळी चुलीमागची जमीन शेणाने सारवलेली असायची, शुद्ध म्हणून. सारवणारी मामी मात्र महिन्यातले चार दिवस त्याच जमिनीवर पाऊल ठेवू शकत नसे. शेण पवित्र आणि बाई विटाळाची, ह्या हिशेबावर एकानेही कधी प्रश्न विचारला नाही. चारीने तो इथे विचारलाय, आणि तोही शेणानेच. एका जर्मन बाईंनी नाक पुढे करून वास घेतला. भाची हसू दाबत म्हणाली, "मावशी, सांग ना त्यांना, वाळल्यावर वास येत नाही." मी सांगितलं. मग त्या बाईंनी विचारलं, की हे जाळतात का. मी म्हटलं, भाकरी होते ह्याच्यावर.

बिरेंदर यादवच्या कामात फक्त खडावा होत्या. लाकडी तळवे, वर रबराचा पट्टा. वीटभट्टीच्या माथ्यावरून चालणारे मजूर ह्या घालतात, कारण खाली आग असते आणि साधी चप्पल वितळते. नाव: 'नरकाच्या छतावरून चालताना'. एकेका खडावेच्या लाकडाची झीज वेगळी. कुणी टाचेवर जोर देणारा, कुणी बाहेरच्या कडेवर. बस, एवढंच. मजुराचा फोटो नाही, घाम नाही, रडणारं पोर नाही. पुण्याबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना वीटभट्ट्या लागतात. मी आयुष्यभर त्यांच्याजवळून गेले आणि तिथली माणसं पायात काय घालतात हे मला बर्लिनला कळलं.

बिएनालेचं आणखी एक ठिकाण हाम्बुर्गर बानहोफ, हे रेल्वेचं जुनं स्टेशन. आता तिथे समकालीन कलेचं संग्रहालय आहे. तिथल्या एका पडद्याशी मी थांबले. पडद्यावर सूचना: आतली दृश्यं त्रासदायक आहेत. आत झाँ-जाक लेबेल ह्या ज्येष्ठ फ्रेंच कलावंताने अबू ग्रैब तुरुंगातले फोटो भिंतीएवढे मोठे करून त्यांचा चक्रव्यूह उभा केला होता. अमेरिकी सैनिकांनी इराकी कैद्यांना नागवं करून, एकमेकांवर रचून, हसत हसत काढलेले तेच फोटो. हेतू युद्धाचा निषेध. पण त्याच इमारतीत इराकी कलावंतांचीही कामं लावली होती, आणि आपण कशाच्या शेजारी टांगले जाणार हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांतल्या सज्जाद अब्बासने २०१३ मध्ये बगदादला एक मोठा डोळा रंगवून ग्रीन झोनच्या, म्हणजे सत्ताधाऱ्यांच्या कडेकोट बंदोबस्तातल्या भागाच्या, समोर इमारतीवर चढवला होता. खाली ओळ: मी तुम्हाला बघू शकतो. ज्याने आपल्या शहरात बसलेल्या सत्तेकडे असं डोळे वटारून पाहिलं, त्याच्या देशातल्या माणसांची विटंबना इथे तिकीट काढून बघायला ठेवलेली. इराकी-अमेरिकन क्युरेटर रिजिन सहाकियन ह्यांनी जुलैअखेर खुलं पत्र लिहून ह्यावर बोट ठेवलं, आणि ऑगस्टमध्ये इराकी कलावंतांनी कामं काढून घेतली. मी पोचले तेव्हा त्या डोळ्याचा पत्ता नव्हता. चक्रव्यूह जागेवरच होता.

मी आत गेले नाही. भाची आधी जाऊन आली होती. ती चिडली. "म्हणजे दाखवायचंच नाही का कुणी? मग लोकांना कळणार कसं?"

रास्त प्रश्न आहे. मला खैरलांजी आठवलं. २००६ मध्ये भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, त्यानंतर त्या मृतदेहांचे फोटो वस्त्यावस्त्यांत फिरले, आणि त्या फोटोंनी लोक रस्त्यावर आले हेही खरं. पण ते हातात घेऊन फिरणारे आंबेडकरी कार्यकर्ते होते. ते न्याय मागत होते आणि त्यापायी लाठ्याही खात होते. अबू ग्रैबचे फोटो छळ करणाऱ्यांनीच काढलेले, ते मोठे केले पॅरिसच्या माणसाने, आणि बघणार बर्लिनकर. ह्या साखळीत ज्याच्या अंगावर कपडा नाही त्याला कुणी काही विचारल्याचं दिसत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं मी भाचीला ऐकवलं आणि विषय मिटला असं समजले.

तो मिटला नव्हता, हे कासेलला कळलं.

नऊ युरोंच्या तिकिटात वेगवान गाड्या बसत नसल्यामुळे कासेलला जायला विटेनबर्ग, हाले अशा गाड्या बदलत दिवस मोडला. गाड्या खचाखच. सायकली, कुत्री, तंबू, कॉलेजची पोरं, माझ्यासारख्या हौशी. हालेहून पुढची गाडी हार्झच्या डोंगरांच्या कडेकडेने जाते, तिथली खिडकी मिळाली तर सोडू नका.

कासेल तसं नाव घेण्यासारखं शहर नाही. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात ते भाजून निघालं, नंतर घाईघाईने बांधलं गेलं आणि ती घाई अजून दिसते. १९५५ मध्ये आर्नोल्ड बोडे ह्या इथल्याच चित्रकाराने, नाझींनी 'विकृत' ठरवलेली कला लोकांपुढे परत आणायची म्हणून डॉक्युमेंटा सुरू केली. आता ती दर पाच वर्षांनी शंभर दिवस भरते. बोडेचा उजवा हात असलेला वेर्नर हाफ्टमान स्वतः नाझी पक्षाचा सदस्य होता, हे मात्र अलीकडे बाहेर आलं. शहरभर झाडं आणि प्रत्येक झाडाशेजारी बेसाल्टचा एक उभा दगड दिसतो, तो जर्मन कलावंत योजेफ बॉइसच्या सात हजार ओक झाडांचा प्रकल्प, १९८२ चा. सावलीला बरा.

२०२२ ची पंधरावी डॉक्युमेंटा जाकार्ताच्या रुआंग्रुपा ह्या गटाकडे होती. त्यांनी नावाजलेले कलावंत न बोलावता जगभरचे गट बोलावले. मुख्य चौकात, फ्रिडरिशियानुम ह्या जुन्या संग्रहालयाच्या समोर, ऑस्ट्रेलियाच्या रिचर्ड बेलचा तंबू होता. १९७२ मध्ये कॅनबेराला संसदेसमोर आदिवासींनी 'दूतावास' म्हणून तंबू ठोकला होता, त्याचा हा वारस. मागे इमारतीचे खांब रुमानियाच्या दान पेर्योव्स्कीने काळे रंगवून पांढऱ्या रेघांच्या चित्रांनी भरून टाकलेले.

त्याच चौकात जूनमध्ये तारिंग पादी ह्या योग्याकार्ताच्या गटाचं अवाढव्य कापडी चित्र लागलं होतं. २००२ सालचं, इंडोनेशियातल्या सुहार्तोच्या हुकूमशाहीवर आणि तिला हात देणाऱ्या परदेशी सत्तांवर. शेकडो आकृत्यांच्या त्या गर्दीत एका सैनिकाला डुकराचं तोंड आणि गळ्यात ज्यूंचा तारा, आणि दुसऱ्या एका ज्यूच्या टोपीवर चक्क नाझींची एसएस ही अक्षरं. लोकांच्या लक्षात येताच त्यावर काळं कापड चढलं, दुसऱ्या दिवशी ते उतरवलं गेलं. जुलैमध्ये डॉक्युमेंटाच्या मुख्य संचालक झाबिने शोरमान ह्यांना पद सोडावं लागलं.

"ह्यांचं तर जळलंच होतं ना?" भाचीने मला तिथेच गाठलं.

जळलंच होतं. सुहार्तोच्या राजवटीत काय झालं हे त्यांना सांगायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. आणि तरीही त्यांच्या हातून ज्यूंबद्दलचं, युरोपात शतकानुशतकं फिरलेलं ओंगळ चित्र जसंच्या तसं निघालं. त्याला कसलीही सबब चालणार नाही, ते उतरवलं हे योग्यच. मला खटकलं ते पुढचं. नंतर महिनोन्‌महिने सगळी चर्चा त्या दोन आकृत्यांभोवतीच घुटमळली. चित्राचा मूळ विषय असलेल्या इंडोनेशियातल्या मृतांबद्दल कुणाला चकार शब्द काढायला वेळ नव्हता. म्हणजे माझी म्हण अर्धीच खरी. जळलेल्याला स्वतःचं कळतं, दुसऱ्याचं कळेलच असं नाही. भाचीला मी हे कबूल केलं नाही, लगेच तर नाहीच.

बाकीचं कासेल आनंदाचं होतं. बांगलादेशच्या ब्रिटो ह्या गटाने हॉलमध्ये खोट्या जिन्नसांचा बाजार मांडला होता, मातीचे आणि विणलेले, आणि मागे खरंखुरं स्वयंपाकघर घातलं होतं. तिथे रोज वेगवेगळ्या देशांची माणसं रांधत. नैरोबीच्या नेस्ट कलेक्टिव्हने राजवाड्याच्या बागेत युरोपने टाकलेल्या जुन्या कपड्यांच्या गाठी रचून घर बांधलेलं, नाव 'पाठवणाऱ्याला परत'. राजवाड्याच्या नेमक्या समोर. जागा निवडावी तर अशी.

शेवटी ट्रामने शहराच्या पूर्वेला गेलो, बेटनहाउझेनला. गिरणगावाची आठवण यावी असा भाग. हुब्नर कंपनीच्या जुन्या कारखान्यात, जिथे बस आणि रेल्वेचे डबे जोडणारे घडीचे पडदे बनत, अमोल पाटीलचं काम होतं. मुंबईच्या चाळीत वाढलेला मुलगा, आजोबा पोवाडे रचणारे, वडील कामगार रंगभूमीवर नाटकं लिहिणारे. त्याच्या कामात पायाला स्केट्स बांधलेला सफाई कामगार आहे, आणि यलगार सांस्कृतिक मंचाची शाहिरीही. जर्मन कारखान्यात मराठी गाणं कानावर पडलं आणि आम्ही दोघी चालता चालता थबकलो. आजूबाजूचे लोक अर्थाचा कागद शोधत होते. भाची ठेका धरून उभी होती. "हे बर्लिनला का नाही आणलं?" म्हणाली.

जाणार असाल तर: पुढची, सोळावी डॉक्युमेंटा १२ जून ते १९ सप्टेंबर २०२७ अशी आहे, क्युरेटर नाओमी बेकविथ. शहर छोटं आहे, राहायची सोय आधी करून ठेवा. दोन पूर्ण दिवस हवेतच, आणि पूर्वेकडचा कारखान्यांचा भाग शेवटच्या संध्याकाळवर ढकलू नका. नऊ युरोंचं तिकीट आता मिळत नाही.